दोन मिनिटांत उतारा मिळाला, पण चुकीचा. नोंदी कॉम्प्युटरवर आणण्याच्या कामाला मार्क द्यायचे तर कशावर?

रानजाई:
मागच्या आठवड्यात गावी गेले होते, साताऱ्याकडे, तेव्हा वडिलांच्या नावचा सातबारा काढायला तालुक्याच्या गावी एका केंद्रात गेले. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. गट नंबर सांगितला, मुलानं प्रिंट काढून दिली, आणि लगेच एक छापील फॉर्म पुढे केला, सेवा कशी वाटली, समाधानी की असमाधानी, टिक करा. मी समाधानीवर टिक करणारच होते तेवढ्यात उताऱ्यावर नजर गेली. क्षेत्र ०.१८. आमचं रान दोन एकर आहे, म्हणजे ०.८१ हेक्टर. आकडे उलटे पडलेत. आणि त्याखाली वडिलांच्या नावाशेजारी चुलत आजोबांचं नाव, ज्यांनी आपला हिस्सा १९७४ सालीच आमच्या आजोबांना लिहून दिला होता. हाताच्या सातबाऱ्यावर त्यांच्या नावाला कंस होता हे मला लहानपणापासून माहीत आहे, कारण आजोबा ट्रंकेतून तो कागद काढून दाखवायचे. आता कंस नाही.

मी तो फॉर्म तसाच परत दिला, टिक न करता. त्या मुलाची काही चूक नव्हती, त्याच्या बाजूनं सेवा झटपट झाली.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. सरकार सांगतं इतकी पानं स्कॅन झाली, इतके उतारे ऑनलाइन आले. पण हे काम चांगलं झालं की वाईट हे ठरवायचं कशावर? तुम्ही सातबारा, फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद), जन्ममृत्यूच्या नोंदी, रजिस्ट्रीचे जुने दस्त, काहीही ऑनलाइन काढलं असेल तर अनुभव लिहा. चांगलेही लिहा.

पाटपाणी:
ताई, चांगला अनुभव आधी लिहितो कारण तो कुणी लिहित नाही. आमच्याकडं पीककर्जाला दरवर्षी सातबारा आणि आठ अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा एकत्र उतारा) लागायचा. तलाठी भाऊसाहेबांकडं तीन गावं, ते कधी चावडीत, कधी तहसीलला मीटिंगला, कधी पंचनाम्याला. मी स्वतः एका उताऱ्यासाठी चार चकरा मारल्यात, ऐन पेरणीत. आता रात्री दहाला घरी बसून डिजिटल सहीचा उतारा काढतो, १५ रुपये. २०१८ ला १ मे ला डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला तेव्हापासून माझ्या एकट्याचे किती दिवस वाचले असतील. माझ्याकडून पैकीच्या पैकी मार्क.

चहाटळ:
पाटपाणींना अनुमोदन.

निवृत्त_तलाठी:
रानजाई ताई, तुमची तक्रार वाचली आणि दोन्ही चुका कशा झाल्या असतील ते डोळ्यासमोर उभं राहिलं. बत्तीस वर्षं दप्तर सांभाळलंय म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं कंसाचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सातबाऱ्यावरचं नाव आम्ही कधी खोडत नसू. खरेदी झाली, वारस लागले, वाटप झालं की जुन्या नावाला कंस करायचा आणि नवीन नाव खाली लिहून त्यापुढे फेरफार नंबर वर्तुळात टाकायचा. कंस म्हणजे हा माणूस इथे होता, आता त्याचा हक्क नाही. त्या एका कंसात अख्खी खरेदी असते. बरेच जण कंस लाल शाईनं करत. आता टायपिंगला बसलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगितलं नसेल तर त्याला कंस म्हणजे नुसती आडवीतिडवी रेघ. त्यानं नाव टाइप केलं, रेघ सोडली, आणि पन्नास वर्षांपूर्वी हिस्सा विकलेला माणूस परत खातेदार झाला.

दुसरं क्षेत्राचं. ०.८१ चं ०.१८ होणं, १ आणि ९ ची गल्लत होणं (आमच्या अक्षरात १ आणि ९ सारखेच दिसायचे, हे मान्य करतो), पोटखराबा (पिकाला अयोग्य जमीन) लागवडीखालच्या क्षेत्रात मिसळणं, हे सगळं झालेलं आहे. म्हणून तर दुरुस्तीसाठी सॉफ्टवेअरमधलं एडिट मॉड्यूल आणि नंतर री-एडिट करून हस्तलिखिताशी ताळा घ्यायला लावला. २०१७ ला गावोगाव चावडी वाचन झालं, उतारे मोठ्यानं वाचून दाखवले, चूक असेल त्यानं तिथंच सांगावं. आमच्या गावात एक आजोबा प्रत्येक गटाला स्वतःचं नाव आलं की शाळेतल्यासारखं "हजर" म्हणत उभे राहायचे, सगळी चावडी हसली, पण त्या आजोबांचे चारही उतारे आज अचूक आहेत. जे आले त्यांचं दुरुस्त झालं. जे पुण्या-मुंबईला होते त्यांचं राहिलं.

रानजाई:
काका, खूप खूप आभार. २०१७ ला वडील पुण्यात आमच्याकडे होते, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. चावडी वाचन झालं हे आम्हाला कळलंसुद्धा नाही.

टंकमित्र:
काका म्हणतात तो टायपिंगला बसलेला माणूस मी आहे. म्हणजे तुमच्या तालुक्यातला नाही, पण विदर्भात एका तालुक्याला मी दोन वर्षं हेच काम केलंय, बीकॉम झाल्यावर. पानामागे पैसे मिळायचे. दिवसा ऑफिसची माणसं मशीनवर असायची म्हणून आम्ही संध्याकाळी सहानंतर बसायचो, लाइट गेली की परत पहिल्यापासून. कंसाचं पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, उत्तर मिळालं जे दिसतं ते टाइप कर. आम्ही चौघांनी आपसात ठरवलं की कंसातलं नाव गाळायचं. तिसऱ्या महिन्यात नवीन आलेल्या दोघांनी ठरवलं की टाइप करायचं. एकाच तालुक्यात अर्ध्या गावांत एक नियम आणि अर्ध्या गावांत दुसरा. ज्या माणसाला वाचता येत होतं तो तलाठी, आणि ज्याला टाइप करता येत होतं तो मी, आणि आम्ही दोघं कधी एका टेबलावर बसलो नाही. माझ्या मते मार्क द्यायचे तर पहिला प्रश्न हा विचारा की तपासलं कुणी. टाइप केल्यावर मूळ वही शेजारी ठेवून ओळ न ओळ वाचणारा माणूस होता का, आणि त्याला त्या कामाचे वेगळे पैसे आणि वेगळा वेळ दिला होता का. पानामागे पैसे दिले की पानंच वाढतात.

माझ्या हातून ज्यांची नावं चुकली असतील त्यांच्याबद्दल मला आजही वाईट वाटतं.

निवृत्त_तलाठी:
टंकमित्र, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आमचंही तितकंच चुकलं, आम्ही वह्या देऊन मोकळे झालो.

बेळगावकर_आबा:
टंकमित्र म्हणतात ते तपासणीचं कर्नाटकात सुरुवातीपासून होतं म्हणून लिहितो. इथं भूमी नावाचा प्रकल्प २००० सालच्या सुमारास सुरू झाला, जवळपास दोन कोटी उतारे कॉम्प्युटरवर घेतले. डाटा एन्ट्री झाल्यावर प्रिंट काढून गावच्या अकाउंटंटकडून तपासून सही घ्यायची आणि मगच पक्कं धरायचं. ऑपरेटरला बोटाचा ठसा दिल्याशिवाय मशीन उघडायचं नाही, म्हणजे कुठली नोंद कुणी केली ते कळतं. आणि त्या काळीसुद्धा फी १५ रुपयेच.

पण आमची सीमाभागाची गोष्ट वेगळी. माझ्या पणजोबांच्या वेळचे कागद मोडीत, आजोबांच्या वेळचे बाळबोध मराठीत, वडिलांच्या वेळेपासून कन्नडात. आता इंग्रजीत पण लागतं, पासपोर्टला, बँकेला. आडनाव तीन लिप्यांतून फिरून आलं की चुलतभावांचीसुद्धा आडनावं वेगळी दिसतात, मग वारसाच्या वेळी अफिडेविट करत बसा की हा आणि तो एकच. स्कॅन करताना मूळ अक्षर शेजारी दिसलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

मोडीवाचक:
आबा, शेवटचं वाक्य लाखमोलाचं. मी मोडी वाचून देते, गेली अकरा वर्षं, त्यामुळे माझ्याकडे येणारी माणसं म्हणजे स्कॅन सापडलं पण वाचता येत नाही अशी. आणि त्याहून जास्त ती, ज्यांना स्कॅन सापडतच नाही.

स्कॅन करणं म्हणजे फोटो काढणं, आणि तो काढायला मशीन पुरतं. सापडणं हे सगळं सूचीवर अवलंबून असतं, आणि सूची करायला वाचणारा माणूस लागतो. मोडीत आधी ओळ आखून घेतात आणि अक्षरं तिला टांगत जातात, हात न उचलता, शब्दांमध्ये जागा न सोडता. त्यामुळे नाव कुठे सुरू झालं आणि गावाचं नाव कुठे लागलं हे सरावाशिवाय कळत नाही. असं पान सूचीत "जुना कागद, मोडी" एवढ्याच नावानं गेलं तर ते ऑनलाइन असून नसल्यासारखं. पूर्वी रुमालात बांधलेलं होतं तेव्हा निदान रुमालावरची चिठ्ठी वाचून दफ्तरदार सांगायचा की अमुक गावचं ह्यात असेल.

दुसरं असं की बऱ्याच लोकांना माहीत नसतं, जुनं पान सर्व्हे नंबरनं असतं आणि साइट विचारते गट नंबर. जमिनीच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा, आणि गावोगाव योजना लागू झाल्यावर सर्व्हे नंबर मोडून गट पडले. कुठल्या सर्व्हे नंबरचा कुठला गट झाला तो तक्ता त्याच साइटवर, त्याच पानावर मिळाला नाही तर शेतकरी शोधणार कसा? माझ्याकडे आलेले एक काका सहा महिने चुकीच्या नंबरनं शोधत होते.

गोदाकाठ:
मोडीवाचक ताई, आमच्या मराठवाड्यात तर उर्दूपण आहे. निजामाचं राज्य १९४८ पर्यंत, त्यामुळे जुनं महसुली दप्तर बरंचसं उर्दूत. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली तेव्हा कुणबी नोंदी शोधायला सगळी कपाटं उघडली गेली, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना शोधून शोधून बोलावलं. (आरक्षणावर इथं भांडण नको, कृपया, मी दप्तराबद्दल बोलतोय.) मी त्यात थोडे दिवस उर्दू वाचायला होतो. वह्या काढताना पानं हातात पापडासारखी तुटत होती. आणि एक साधी गोष्ट सांगतो. कागदावर साल फसली, म्हणजे जुन्या महसुली सनाचं, असतं, समजा १३५५. त्यात ५९० मिळवले की १९४५. आम्ही ज्या तक्त्यात भरत होतो त्याच्या सालाच्या चौकटीत १९०० च्या आधीचा आकडा बसतच नव्हता. मग कुणी १९४५ लिहिलं, कुणी १९५५ लिहिलं, कुणी चौकट रिकामी सोडली. आता त्या सालानं शोधणाऱ्याला ते पान कधी सापडणार?

पण एवढंही सांगतो की ती मोहीम निघाली म्हणून ती कपाटं उघडली. नाहीतर वाळवीनं खाल्ली असती. दहा वर्षांत वाचायचं राहिलं असतं ते महिन्यांत वाचून झालं.

चहाटळ:
फसली सन माहीतच नव्हता. हा धागा वाचनखुणांत.

बोरीबंदर:
थोडं अवांतर, पण जवळचंच. आईच्या जन्माचा दाखला काढायचा होता, १९५३ चा जन्म, रत्नागिरी जिल्ह्यातलं खेडं. ऑनलाइन नाहीच सापडला. शेवटी एका जाणत्या माणसानं सांगितलं कोतवाल बुक बघा, गाव नमुना १४. तिथं "अमक्याला मुलगी झाली" एवढंच, कारण बारशाआधीच नोंद व्हायची, नाव नाहीच. आता दाखल्यात नाव घालायचं तर शाळेचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळं आलं. मला म्हणायचंय ते हे की कागदात जे नव्हतंच ते कॉम्प्युटर कुठून आणणार. आपण अपेक्षाही तेवढीच ठेवावी.

रानजाई:
बोरीबंदर, हे पटलं. कागदातच नसेल तर दोष स्कॅनिंगचा नाही. पण माझ्या बाबतीत कागदात होतं आणि कॉम्प्युटरवर येताना गेलं. ह्या दोन गोष्टी वेगळ्या मोजायला हव्यात ना?

माहेरवाशीण:
कागदात होतं आणि येताना गेलं, ह्यात सगळ्यात जास्त कोण गेलं ते मी सांगते. बाया गेल्या.

१९९२ ला लक्ष्मी मुक्ती, म्हणजे बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची योजना, आली तेव्हा माझ्या सासऱ्यांनी स्वतःहून अर्ज करून सासूबाईंचं नाव सातबाऱ्यावर लावलं होतं, गावात पहिले. सासूबाईंना त्याचा केवढा अभिमान, वारीला जाताना उताऱ्याची घडी पिशवीत असायची, पांडुरंगाला दाखवते म्हणायच्या. कॉम्प्युटरचा उतारा आला तेव्हा त्यात फक्त सासरे. माझ्या माहेरी आम्हा तीन बहिणींची नावं इतर हक्कात होती, तो रकाना आला तो रिकामाच, कारण इतर हक्कात बारीक अक्षरात दाटीवाटीनं लिहिलेलं असतं, सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, कुळ, बहिणी, सगळं एकात एक. टाइप करणाऱ्यानं कर्जाचा बोजा तेवढा घेतला, कारण तो बँकेला लागतो.

टंकमित्र भाऊ, तुम्हाला बोलत नाहीये. पण तपासणी करायची तर नुसता गट नंबर आणि क्षेत्र जुळवून भागणार नाही. इतर हक्काचा रकाना वाचा, आधी किती बायकांची नावं होती आणि नंतर किती राहिली ते मोजा.

टंकमित्र:
ताई, खरं आहे. इतर हक्काला सगळ्यात जास्त वेळ लागायचा आणि पैसे तेवढेच.

पाटपाणी:
सगळं वाचतोय आणि थोडं वाईट वाटतंय, पण माझं मत सांगतो. हाताच्या वहीतपण चुका होत्या, आणि त्या चुका मुद्दाम करणारेपण होते. रात्रीत पान बदललेलं मी पाहिलंय. आता निदान नोंदीचा अर्ज कधी आला, नोटीस कधी निघाली, कुठं अडकलाय ते घरबसल्या दिसतं. रजिस्ट्री झाली की ई-फेरफारमधून नोंद आपोआप तलाठ्याकडं जाते, हरकतीला पंधरा दिवस, मग सर्कल ऑफिसर प्रमाणित करतात. आधी खरेदी करून दहा दहा वर्षं नोंद न लागलेले लोक होते. चुका दुरुस्त होतील हो, पण दहा चुका दाखवून अख्खं काम वाईट म्हणू नका.

मोडीवाचक:
वाईट कुणीच म्हणत नाहीये. मार्क कशाचे द्यायचे एवढाच प्रश्न आहे. तुम्ही उतारा मिळण्याला मार्क देताय, माहेरवाशीण उताऱ्यात काय आहे त्याला.

सुरंगी:
गोव्यातून लिहितेय. पान बदलण्याचा विषय निघाला म्हणून. आमच्याकडे पुराभिलेख खातं १५९५ सालापासूनचं, पोर्तुगीज काळातली दस्तांची पुस्तकं तिथे आहेत. २०२२ मध्ये जमीन हडपल्याच्या प्रकरणांसाठी खास तपास पथक नेमलं, मग निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्य आयोग बसला. बनावट दस्त जुन्या पुस्तकांत घुसवायचे आणि मग त्याचीच अधिकृत नक्कल काढून घ्यायची, असा तो प्रकार. घरमालक परदेशात, नाहीतर वारस नाहीत, असली घरं आणि भाटं (माडांच्या बागा) बघून. म्हणजे स्कॅन कधी केलं ह्यालाही महत्त्व आहे. पान घुसवायच्या आधी स्कॅन झालं असेल तर ते स्कॅन साक्षीदार होतं. घुसवल्यानंतर केलं तर खोट्या पानालाच शिक्का मिळतो. म्हणून मी म्हणते, स्कॅन करताना पुस्तकाची एकूण पानं किती, कुठलं पान सुटं आहे, कुठल्या पानाचा कागद किंवा शाई वेगळी आहे हे लिहून ठेवलंय का ते विचारा. आणि स्कॅन रंगीत करा. काळ्यापांढऱ्यात नवी शाई आणि जुनी शाई सारखीच दिसते.

निवृत्त_तलाठी:
रंगीत! सुरंगी ताई, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. लाल कंससुद्धा काळ्यापांढऱ्यात काळाच दिसणार, आणि कागद पिवळा पडलेला असेल तर पुसटच होणार.

थेम्सकाठी:
नमस्कार, बरेच दिवस वाचनमात्र होतो. मी इंग्लंडमध्ये कन्व्हेयन्सिंगच्या, म्हणजे घरांच्या खरेदीविक्रीच्या कागदपत्रांच्या कामात आहे. इथल्या लँड रजिस्ट्रीचं रजिस्टर १९९० पासून सगळ्यांना खुलं आहे, फी भरा आणि कुणाच्याही घराचा उतारा बघा. पण मला मोठी गोष्ट वाटते ती दुसरीच. रजिस्टरमध्ये चूक झाली आणि त्यामुळे तुमचं नुकसान झालं तर रजिस्ट्री भरपाई देते, २००२ च्या कायद्यात तशी तरतूदच आहे. चुकीचा खर्च चूक करणाऱ्याच्या अंगावर. त्यामुळे नोंद घेतानाच ते हजार प्रश्न विचारतात, आम्ही वैतागतो, पण नंतर निश्चिंत असतो. गावाकडे आमच्या वडिलांच्या उताऱ्यात चूक निघाली तेव्हा वकील, चकरा, रजा, विमानाचं तिकीट, सगळं आमच्या खिशातून गेलं.

काळाकोट:
थेम्सकाठी, तुलना बरोबर आहे, फक्त एक फरक लक्षात घ्या. तिथलं रजिस्टर म्हणजे मालकी. आपल्याकडे सातबारा हा मुळात महसूल वसुलीचा कागद. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १५७ प्रमाणे नोंद खरी असल्याचं गृहीत धरतात, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. फेरफार नोंदीनं मालकी ठरत नाही हे सर्वोच्च न्यायालयानं कितीतरी वेळा सांगितलंय. तरी व्यवहारात बँक, पीकविमा, आता फार्मर आयडी, सगळं त्याच कागदावर चालतं. कायद्यानं तो कागद कच्चा आणि व्यवहारात पक्का, त्यामुळे चूक झाली की माणूस मधल्यामध्ये अडकतो.

रानजाई ताई, तुमच्यासाठी. घाबरू नका पण आता थांबूही नका. २०२५ ला जिवंत सातबारा मोहिमेत मयत खातेदारांचे वारस लावले गेले. चांगलीच मोहीम, पण तुमच्या चुलत आजोबांचं नाव कंसाशिवाय राहिलं तर उद्या त्यांचे वारस प्रामाणिकपणे अर्ज करतील आणि त्यांची नावं लागतील, मग ती लेखनप्रमादाची बाब राहणार नाही, दिवाणी दावा होईल. आज ही लेखनाची चूक आहे तोवर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा. सोबत संगणकीकरणाच्या आधीचा शेवटचा हस्तलिखित सातबारा आणि १९७४ च्या खरेदीचा फेरफार, दोन्ही नकला लावा. नकला देत नसतील तर माहितीच्या अधिकारात मूळ रजिस्टरच्या निरीक्षणाची मागणी करा, २००५ च्या कायद्यात कागद प्रत्यक्ष पाहायचा हक्कपण आहे, हे लोक विसरतात. चुलत आजोबांच्या वारसांना आधी भेटा, त्यांची संमती असेल तर काम सोपं होईल.

रानजाई:
त्यांच्या मुलाला, म्हणजे काकांना, कालच फोन केला. ते म्हणाले, "अगं ते दादांनीच विकलं होतं, मला माहितीये, कुठं सही करायची सांग." फोन ठेवल्यावर रडूच आलं.

चहाटळ:
असे काका सगळ्यांना मिळोत.

बोरीबंदर:
मूळ प्रश्नाकडे येऊ का? माझ्या मते लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ पासून आहे, दाखला मुदतीत दिला नाही तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. त्यामुळे उतारा, दाखला मिळण्याचा वेग वाढलाय, ते मोजलं जातं म्हणून. तसंच दुरुस्तीचं मोजा. प्रत्येक गावात दुरुस्तीचे किती अर्ज आले, पहिला कधीचा, निकाल कधी लागला, हे चावडीवर आणि साइटवर लावा. मला ह्या एका आकड्यावरून कळेल काम कसं चाललंय.

माहेरवाशीण:
आणि अर्जदाराला किती चकरा पडल्या तेही.

मोडीवाचक:
माझं एक सुचवणं आहे. पुढच्या दिवाळीला गावी जाणाऱ्या सगळ्यांनी घरातला जुना हाताचा उतारा आणि आजचा उतारा शेजारी शेजारी ठेवून चार गोष्टी बघा. क्षेत्र, नावं आणि कंस, इतर हक्क, आणि फेरफार नंबर. जे आढळेल ते इथं लिहा, गाव-गट न लिहिता. कुठली चूक कितीदा होते हे आपल्यालाच कळेल.

बेळगावकर_आबा:
दिवाळीपर्यंत कशाला, मी आजच बघितलं. तीन उतारे. क्षेत्र तिन्हीत बरोबर. एकात आज्जीचं नाव पुरुषाचं झालंय, शेवटची वेलांटी गेलीय.

पाटपाणी:
मी पण काढले. माझे दोन्ही बरोबर. पण बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याच्या सातबाऱ्याचं आणि आकारबंदाचं (भूमी अभिलेखच्या क्षेत्र-आकाराच्या तक्त्याचं) क्षेत्र जुळत नाही, चार गुंठ्यांचा फरक, त्यालाही आज माझ्यामुळं कळलं. पैकीच्या पैकी मार्क दिले होते ते जरा मागं घेतो. उतारा मिळण्याला देतो, बाकीचं तपासून.

निवृत्त_तलाठी:
पाटपाणी, त्यांना सांगा आधी भूमी अभिलेखकडून आकारबंदाची नक्कल घ्यायची, मग अर्ज. उलटं केलं तर अर्ज परत येतो.

सर्वांना एक हात जोडून विनंती. स्कॅन झालं म्हणून मूळ वह्या रद्दीत जाऊ देऊ नका. अभिलेखाचे वर्ग असतात, अ वर्ग कायमचा, ब तीस वर्षं, ड वर्ग तर वर्षभरच. जागा नाही म्हणून गठ्ठे जिन्याखाली गेले की पुढच्या पावसाळ्यात विषय संपतो. आपल्या तालुक्याच्या अभिलेख कक्षात कधी गेलात तर छताकडं बघा, गळतंय का.

रानजाई:
पुन्हा येतेय, चार दिवसांनी. अभिलेख कक्षात जाऊन आले. काळाकोट यांनी सांगितलं तसा निरीक्षणाचा अर्ज दिला होता, पण तो पुढे जायच्या आतच तिथल्या बाईंनी वही काढून दिली, स्वतः स्टुलावर चढून.

आधी त्यांनी स्क्रीनवर स्कॅन दाखवलं. पान वाकडं आलेलं, डावी कड शिवणीत गेलेली, चुलत आजोबांच्या नावापुढे एक पुसट रेघ, तीही कागदाची घडी असावी असं वाटणारी. मग मूळ पान उघडलं. लाल कंस. इतक्या वर्षांनीही शाई ताजी दिसत होती. त्याखाली आजोबांचं नाव, आणि पुढे निळ्या वर्तुळात फेरफार नंबर. क्षेत्राच्या रकान्यात ०, मग ८१, आठचा डोक्यावरचा भाग थोडा फाटलेला, पण आठच. मी फोटो घ्यायला परवानगी मागितली तर बाई म्हणाल्या, नक्कल घ्या, रंगीत झेरॉक्स करून शिक्का देते, रंगाचं कुणी मागत नाही म्हणून आम्ही देत नाही.

सुरंगी, तुमचं वाक्य डोक्यात नसतं तर मी रंगीत मागितलंच नसतं.

अर्ज दिलाय, काकांच्या संमतीपत्रासह. मंगळवारी तारीख मिळालीय. त्या केंद्रातल्या मुलाकडे परत गेले होते, तो फॉर्म अजून त्याच्याकडे होता. मागच्या कोऱ्या बाजूला मी लिहिलं: "उतारा २ मिनिटांत मिळाला. उतारा चुकीचा आहे. दुरुस्तीचा अर्ज दिला आहे, निकाल लागला की किती दिवस लागले ते कळवीन." खाली तारीख घातली. त्यानं तो ड्रॉवरमध्ये नीट ठेवला.

निवृत्त_तलाठी:
मंगळवारी जाताना वहीचं नाव आणि पान नंबर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून न्या, साहेबांनी मूळ मागवलं तर शोधायला वेळ जायला नको. आणि वडिलांना घेऊन जा, पायऱ्या जास्त असतील तर खालीच खुर्ची मागा.

माहेरवाशीण:
ताई, निकाल लागला की दिवस नक्की लिहा. मी सासूबाईंच्या नावासाठी उद्या अर्ज करतेय, माझेही दिवस आजपासून मोजायला घेते.